कुंडी फक्त एक फूट सरकवायची होती

यतीन देवस्थळीला घरी बसायची सवय नव्हती आणि तो घरी असण्याची सवय घरातल्या कुणालाच नव्हती. पीथमपूरच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यात तो क्वालिटी सांभाळायचा. रंगपंचमीनंतर तिथे नवी यंत्रं बसवायला घेतली आणि सगळ्यांना तीन आठवड्यांची सक्तीची रजा मिळाली. बाकीचे लोक गावी गेले, लग्नं उरकून आले, निदान झोपले तरी. यतीननं पहिल्या दिवशी मसाल्याच्या डब्यांवर लेबलं चिकटवली. दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये मागे होतं ते पुढे आणलं आणि पुढचं मागे नेलं, त्यामुळे संध्याकाळी कोथिंबीर कुणालाच सापडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बायकोच्या पाठीमागे उभा राहून ती पेपर कशी तपासते ते बघू लागला.

शलाका एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. तिच्यासमोर पेपरांचे दोन गठ्ठे होते आणि दोन्ही सारख्याच उंचीचे होते.

"तू घड्याळ का बघतोयस?" मान न वळवता तिनं विचारलं.

"एका उत्तराला सरासरी किती वेळ लागतो ते काढत होतो. तुझा वेग तिसऱ्या प्रश्नाला कमी होतो."

शलाकानं पेनचं टोपण लावलं. "यतीन, बागेत जा."

"बागेत काय करू?"

"मोगऱ्याची कुंडी जरा उन्हात सरकव. समोरच्या पोरवालांनी पत्र्याची शेड घातल्यापासून तिच्यावर दहा वाजेपर्यंत सावली असते. फूटभर सरकवली तरी पुरे."

आता हे काम ऐकायला अगदी साधं वाटतं. पण तो मोगरा देवस्थळींचा नव्हता. घर भाड्याचं होतं. मालकीणबाई मनोरमाबाई रेगे यजमान गेल्यावर मुलाकडे बंगलोरला राहायला गेल्या होत्या. घर देताना त्यांनी सांगितलं होतं की भिंतीला खिळे ठोका, रंग बदला, माझी काही हरकत नाही, फक्त फाटकाजवळच्या मोगऱ्याला काही होता कामा नये. आणि हे नुसतं सांगून त्या थांबल्या नव्हत्या. दर रविवारी अकरा वाजता त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. "दाखवा बरं," असं त्या म्हणायच्या आणि यतीन फोन पुढे धरून कुंडीला प्रदक्षिणा घालायचा. गल्लीत सगळ्यांना वाटायचं की बिचारी बाई यजमानांच्या आठवणीला जपते. ते वामनराव रेग्यांनी स्वतःच्या हातानं लावलेलं झाड होतं.

झाडही तसंच होतं. टपोरी, दुहेरी फुलं, आणि चैत्रात इतकी की गल्लीतल्या सगळ्या घरांच्या हळदीकुंकवाला पुरून उरायची. याचं श्रेय शलाकाला जायचं. ती केळीची सालं तीन दिवस पाण्यात भिजवून ते पाणी मोगऱ्याला घालायची आणि या विषयावर बायकांमध्ये अधिकारानं बोलायची. दुसऱ्या भाडेकराराचे अकरा महिने या चैत्रात संपत होते आणि पुढचा करार करायला मनोरमाबाई स्वतः येणार होत्या. शलाकाचं कॉलेज इथून पायी दहा मिनिटांवर. असं घर पुन्हा मिळणार नव्हतं.

तर यतीन बागेत गेला. बाग म्हणजे फाटक ते ओटा एवढी जागा. थोडी फरशी, थोडी माळव्याची काळी माती, एक जास्वंद, एक तुळस, आणि शलाकानं नुकतीच लावलेली दोडक्याची बारा रोपं. मोगऱ्याची कुंडी सिमेंटची, गुडघ्याएवढी उंच. यतीननं ती धरली आणि ओढली. कुंडी हलली नाही. त्यानं पाय रोवून ओढली. यतीन हलला.

"असं नाही चलत, यतीनजी," भिंतीपलीकडून आवाज आला.

हे जयसिंगराव मोहिते. वय बहात्तर. त्यांचे पणजोबा संस्थानच्या तोफखान्यात होते, त्यामुळे जड वस्तू हलवण्याच्या कामात आपल्याला उपजत गती आहे असा त्यांचा समज होता. "तुम्ही पुणेवाले प्रत्येक कामात घाई करता."

"मी सांगलीचा आहे," यतीन म्हणाला. हे तो गेली दोन वर्षं सांगत होता.

"तेच ते. हा मोगरा आहे की नाही, हा मूडी असतो. याला छेडायचं तर वसंत पंचमीला छेडायचं. आता तर होळी पण होऊन गेली. आणि छेडलाच तर मग अर्धं काम नाही करायचं. कुंडी बदला, मुळं एक तृतीयांश छाटा, फांद्या पण छाटा. बिल्कुल नवा होऊन जाईल."

"छाटना मत, भिया," समोरच्या फाटकातून पोरवालजी आले. त्यांचं किराणा दुकान मुलगा बघायचा आणि ते गल्ली बघायचे. "कलियां आने का टाइम है. जड़ को हाथ लगाया तो गया समझो."

"पोरवालजी, तुमच्याकडे एक तरी झाड आहे का?"

"इसीलिए तो कह रहा हूं. हमारे सब ऐसे ही मरे."

यतीनला खरं तर दोघांचंही ऐकायचं कारण नव्हतं. त्याला कुंडी फक्त एक फूट सरकवायची होती. पण तीन दिवस रिकामा बसलेला माणूस आणि समोर न हलणारी वस्तू, एवढं पुरेसं असतं. त्यानं जयसिंगरावांची लोखंडी पहार आणली, कुंडीच्या बुडाखाली घातली आणि अंगाचा भार टाकला. आतून कट्ट असा आवाज आला. कुंडी एकदम सुटली, फूटभर नाही तर चांगली तीन फूट गेली, भिंतीला धडकली आणि तिला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

कुंडीच्या बुडाच्या भोकातून अंगठ्याएवढं जाड मूळ बाहेर आलं होतं. त्याचा तुटलेला दुसरा भाग फरशीच्या फटीतून खाली गेला होता. यतीननं त्या फटीत काडी घालून बघितली. काडी पूर्ण आत गेली. मग त्यानं फटीवर माती लोटली, पायानं दाबली आणि या विषयावर पुढे विचार न करण्याचं ठरवलं. ज्याला कंपनीत समस्येच्या मुळाशी जाण्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं होतं, त्या माणसानं असं करायला नको होतं. पण तेव्हा कुंडी फुटल्याची बातमी आत कशी द्यायची हा प्रश्न जास्त मोठा होता.

कुंडी फुटली म्हणजे आता बदलावीच लागणार होती. तो नर्सरीतून नवी घेऊन आला. राहता राहिला छाटण्याचा प्रश्न. जयसिंगराव भिंतीवर कोपर टेकून उभे होते, पोरवालजी फाटकाला टेकून उभे होते आणि दोघांनाही रोज भेटायचं होतं. शेवटी यतीननं क्वालिटीच्या माणसाला शोभेल असा तोडगा काढला. डाव्या बाजूच्या फांद्या आणि मुळं त्यानं जयसिंगरावांच्या सांगण्याप्रमाणे छाटली आणि उजवी बाजू पोरवालांच्या सांगण्याप्रमाणे तशीच ठेवली. "कुठल्या पद्धतीनं चांगला रिझल्ट येतो ते कळेल," तो म्हणाला.

शलाका पेपर संपवून बाहेर आली. अर्धी हजामत झालेल्या माणसासारखा दिसणारा तो मोगरा तिनं बराच वेळ बघितला.

"मी सरकवायला सांगितली होती," ती म्हणाली.

"सरकवलीच आहे," यतीन म्हणाला.

नर्मदेचं पाणी गल्लीत एक दिवसाआड यायचं, सकाळी साडेसहाला. त्यामुळे यतीनचं संकटही एक दिवसाआड आलं. त्या दिवशी काहीच झालं नाही. तो रात्री शांत झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बागेत आला, तेव्हा फरशीच्या त्याच फटीतून पाण्याचा कमरेएवढा उंच फवारा उडत होता. दोडक्याची बारा रोपं आडवी झाली होती आणि पाणी फाटकाखालून रस्त्यावर चाललं होतं.

यतीननं पहिल्यांदा फटीवर वीट ठेवली. पाणी विटेच्या चारी बाजूंनी येऊ लागलं. मग त्यानं विटेवर कुंडीचे तुकडे ठेवले. मग तुकड्यांवर तो स्वतः उभा राहिला. फवारा त्यामुळे आडवा झाला आणि थेट पोरवालांच्या स्कूटरवर जाऊ लागला. शलाका दारात आली.

"तू असा का उभा आहेस?"

"मी उतरलो तर वाढतं."

"मग किती वेळ उभा राहणार?"

"पाणी साडेसातला जातं."

यतीन साडेसातपर्यंत उभा राहिला. त्या तासाभरात गल्लीतली बरीच माणसं येऊन गेली. कुणी सुतळी बांधायला सांगितलं, कुणी एम-सील. साफसफाईची इतकी शिस्त असलेल्या शहरात रस्त्यावर पाणी सोडलं तर काय होऊ शकतं, हे एकानं आपुलकीनं समजावलं. जयसिंगराव म्हणाले, की पाण्याशी भांडायचं नसतं. पण सगळ्यांत वाईट वाटलं ते शेवटच्या घरातल्या शांताबाई आल्या तेव्हा. त्यांच्या घरापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. रिकामी बादली खाली ठेवली, यतीनकडे बघत पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि बादली उचलून परत गेल्या.

प्लंबर कैलाशजी जवळच्या हातोद गावाहून आले. साठीचे गृहस्थ, गळ्यात गमछा, बोलणं कमी. त्यांनी फरशी उचलली, खाली हात घातला, डोळे मिटले, आणि वैद्यानं नाडी बघावी तसं थोडा वेळ थांबले. "पाइप सड़ा हुआ है," ते म्हणाले. "पूरा बदलना पड़ेगा."

"सध्या तात्पुरतं काही होईल का?"

कैलाशजींनी सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून वर तार आवळली. जाताना म्हणाले, "मैंने अपनी तरफ से कह दिया है." पुढच्या पाण्याच्या दिवशी ट्यूब सहा वाजून एकतीस मिनिटांनी फुटली. यतीननं वेळ टिपून ठेवली होती.

मग खोदकाम सुरू झालं. पाइप जिथे चांगला लागेल तिथे थांबायचं असं ठरलं होतं, पण तो कुठेच चांगला लागेना. आधी फाटकाजवळ खड्डा झाला, मग त्याची ओट्यापर्यंत चर झाली. जास्वंद फरशी पुसायच्या बादलीत गेली, तुळस जेवणाच्या टेबलावर आली. वाचलेली सात रोपं स्टीलच्या पेल्यांमध्ये ओळीनं खिडकीत उभी राहिली, आणि शलाका त्यांना रोज सकाळी मोजून मगच कॉलेजला जाऊ लागली. काळ्या मातीचा ढीग फाटकाबाहेर इतका वाढला की एक गाय त्यावर बसून गल्ली न्याहाळू लागली.

ढीग हलवायचा म्हणून यतीन सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीसमोर दोन पोती घेऊन गेला.

"ये क्या है, भिया?" गाडीवाल्यानं विचारलं.

"माती आहे. ओल्या कचऱ्यात घ्या."

"गीला मतलब किचन का. ये तो मलबा है. मलबे की गाड़ी अलग आती है, फोन करके."

"पण ही ओली आहे. हात लावून बघा."

गाडीवाल्यानं खरोखर हात लावून बघितला. माणूस सभ्य होता. "गीली है," तो म्हणाला, "पर गीला कचरा नहीं है." यतीन पोती घेऊन परतला आणि गाय थोडी सरकून बसली.

शनिवारी कैलाशजींनी फाटकाजवळचा जोड कापला. कापलेल्या पाइपमधून त्यांनी दोन बोटांनी काहीतरी ओढायला सुरुवात केली. ते ओढतच राहिले. पाइपच्या आतून हातभर लांब, दाढीसारखा, ओला, तपकिरी मुळांचा झुबका बाहेर आला.

"लो, भिया," कैलाशजी म्हणाले. "तुम्हारा मोगरा तो खुद का कनेक्शन लेके बैठा था."

यतीननं मुळाचं टोक जुळवून बघितलं. तेच अंगठ्याएवढं जाड मूळ. वर्षानुवर्षं एक दिवसाआड हा मोगरा थेट नर्मदा पीत होता. तो शलाकाकडे वळला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळलं की तिनंही हिशेब केला आहे. तिच्या मनात केळीची सालं होती.

"हे कुणाला दाखवायची काही गरज नाही," ती हळू म्हणाली.

पण जयसिंगरावांनी भिंतीवरून फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकलाही होता. खाली लिहिलं होतं, 'मोगऱ्याचं रहस्य सापडलं.' दुपारपर्यंत त्यावर सतरा अंगठे आले. पोरवालवहिनींनी तर घरची सालं घंटागाडीत टाकायला पुन्हा सुरुवात केल्याचं शलाकाला खिडकीतून दिसलं.

आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.

मोगरा आता वाईट अवस्थेत होता. जयसिंगरावांच्या बाजूची पानं पिवळी पडून गळली होती आणि पोरवालांच्या बाजूची हिरवी असतानाच गळत होती. प्रयोगाचा निष्कर्ष असा निघत होता की दोघंही चूक. अकराला पाच मिनिटं कमी असताना यतीन फोन घेऊन जयसिंगरावांच्या अंगणात गेला. त्यांच्याकडेही एक मोगरा होता, लहानसा, एकेरी फुलांचा.

"हे बरोबर नाही," शलाका ओट्यावरून म्हणाली.

"करार होईपर्यंत," यतीन म्हणाला. फोन वाजला.

"दाखवा बरं," मनोरमाबाई म्हणाल्या. यतीननं कॅमेरा पानांच्या अगदी जवळ नेला.

"पानं बारीक का दिसताहेत?"

"कॅमेरा जवळ आहे ना, काकू. म्हणून."

"जवळ असला तर मोठी दिसायला हवीत." मनोरमाबाई म्हणाल्या. "जरा खाली घ्या. खालची फरशी दाखवा."

जयसिंगरावांच्या अंगणात फरशी नव्हती. यतीन फोन धरून उभा राहिला. तेवढ्यात बनियनवर असलेले जयसिंगराव झारी घेऊन चित्रात आले आणि आपल्या मोगऱ्याला पाणी घालू लागले. फोन चालू आहे हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी झारीसकट नमस्कार केला.

"जयसिंगराव तुमच्याकडे कसे?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"ते मदतीला येतात," यतीन म्हणाला, आणि रेंज गेल्याचं सांगून त्यानं फोन बंद केला. कारखान्यात खोट्या नोंदी करणाऱ्या माणसांना त्यानं आजवर किती सुनावलं होतं ते त्याला एकेक करून आठवू लागलं.

सोमवारी तो पाण्याच्या कचेरीत गेला. घरातला पाइप बदलता येत होता, पण फाटकाखालून रस्त्यातल्या मोठ्या लाइनपर्यंतचा तुकडा बदलायला रस्ता खोदावा लागणार होता आणि त्याला परवानगी लागत होती. खिडकीमागच्या बाई शांतपणे अर्ज वाचत गेल्या. एका ओळीवर त्या थांबल्या.

"गळतीचं कारण, मोगरा. ही कोणती एजन्सी?"

"झाड आहे, मॅडम. फुलाचं."

बाईंनी चष्मा वर केला, यतीनकडे बघितलं, चष्मा खाली केला आणि 'अन्य' या शब्दापुढे खूण केली. "कनेक्शन वामन रेगे यांच्या नावावर आहे. त्यांना घेऊन या."

"ते चार वर्षांपूर्वी गेले."

"सॉरी जी. मग वारसांना घेऊन या. सही समोर करावी लागेल."

"त्या बंगलोरला असतात. त्यांना न सांगता, म्हणजे, त्यांना त्रास न देता काही करता येणार नाही का?"

"रस्ता खोदायचा आहे, भैया," बाई म्हणाल्या. "मालकाला न सांगता कसं करणार?"

यात नियमाचं काहीच चुकत नव्हतं, आणि तेच यतीनला खुपत होतं. तो बाहेर येऊन पार्किंगमध्ये स्कूटरवर बसला. मग उभा राहिला. मग पुन्हा बसला. शेवटी त्यानं फोन लावला आणि पहारीपासून जयसिंगरावांच्या झारीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"मी गुरुवारी येते," मनोरमाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवार ते गुरुवार या तीन दिवसांत यतीननं एका जागी पाच मिनिटंही काढली नाहीत. मोगऱ्याला त्यानं ताक घातलं, मग ताक जास्त झालं असं वाटून धुतलं. दुपारी ऊन लागू नये म्हणून शलाकाची ओढणी बांधली. सकाळी कुंडी पूर्वेला, दहा वाजता भिंतीशी, दुपारी ओट्यावर, चारला पुन्हा फाटकाजवळ. जी कुंडी एक फूट सरकवायची होती ती त्या तीन दिवसांत पाऊण किलोमीटर तरी फिरली असेल. शलाकानं घरांच्या जाहिराती बघायला सुरुवात केली होती. ती हे त्याच्यासमोर करत नव्हती, पण तिनं लॅपटॉप एकदोनदा घाईनं मिटला तेव्हा त्याला कळलं.

"मी मुद्दाम नाही केलं," तो रात्री जेवताना म्हणाला.

"माहीत आहे," शलाका तुळशीच्या कुंडीपलीकडून म्हणाली. टेबलावर तिला तेवढीच जागा उरली होती. "तू मुद्दाम केलं असतंस तर मला रागावता तरी आलं असतं."

गुरुवारी अकराच्या सुमारास रिक्षा थांबली. गाय उठून गेली. मनोरमाबाई छोट्याशा होत्या, फोनवर दिसायच्या त्याहून बऱ्याच लहान. चरीवर टाकलेल्या फळीवरून त्या यतीनचा हात धरून आत आल्या. त्यांनी चर बघितली, सडका पाइप बघितला, बादलीतला मुळांचा झुबका बघितला. नऊ पानांचा मोगरा सगळ्यांत शेवटी बघितला. जयसिंगराव भिंतीपाशी उभे होते, पोरवालजी फाटकापाशी. यतीननं जाहीर माफी मागायची म्हणून घसा साफ केला.

मनोरमाबाई खुर्चीवर बसल्या आणि हसू लागल्या. आधी आवाज न करता, मग पदर तोंडाला लावून.

"हा जोड घर बांधलं त्या वर्षापासून गळतो," त्या म्हणाल्या. "मी यांच्या मागे लागायचे, दुरुस्त करा. हे म्हणायचे, रस्ता खोदायचा, परवानगी काढायची, गल्लीत चिखल करायचा. त्यापेक्षा गळतंय तिथे काहीतरी पिणारं ठेवू. आधी कर्दळ ठेवली. मग अळू. अळूची भाजी खाऊन कंटाळा आला, तेव्हा मोगरा आणला. अठरा वर्षं झाली. फरशी कोरडी राहिली म्हणजे मोगरा बरा आहे, असं हे म्हणायचे."

"म्हणून रविवारी तुम्ही फरशी दाखवायला सांगितलीत," शलाका म्हणाली.

"मग काय तर. दर रविवारी मी ओल आली का ते बघायचे." त्यांनी हात वाढवून नऊपैकी एका पानाला बोट लावलं. "फुलं पण बघायचे. नाही असं नाही."

यतीनला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्याकडे रागाला कारण होतं आणि त्याला ते सोडवेना. "काकू, हे आम्हाला आधी सांगायचं होतं. मोगऱ्याला काही होता कामा नये एवढंच तुम्ही म्हणालात. आम्हाला वाटलं काकांची आठवण."

"खाली गळतंय असं सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

यतीनची नजर आपोआप चरीतल्या उघड्या पाइपकडे गेली.

"घर बघायला आलात त्या दिवशी मी चहा करेपर्यंत तुम्ही बाथरूमच्या दाराची कडी काढून परत बसवली होती, यतीनजी. मी तेव्हाच ठरवलं, याला काही सांगायचं नाही."

जयसिंगराव मोठ्यानं हसले. शलाका हसली नाही, पण ती आत गेली तेव्हा तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मनोरमाबाईंनी कचेरीत जाऊन सही केली. खिडकीतल्या बाई त्यांच्या मुलाच्या वर्गातल्या निघाल्या. पुढच्या आठवड्यात रस्ता खोदला गेला, नवा पाइप पडला, मलब्याची गाडी फोन केल्यावर खरोखरच आली. पाण्याच्या पहिल्या दिवशी गल्लीत इतक्या जोरानं पाणी आलं की जयसिंगरावांची टाकी वाहून त्यांचा मोगरा बुडाला. शांताबाई पुन्हा बादली घेऊन आल्या. या वेळी बादलीत कैऱ्या होत्या. त्या यतीनच्या हातात देऊन त्या पूर्वीसारख्याच काही न बोलता निघून गेल्या.

हळदीकुंकवाला फुलं त्या वर्षी बाजारातून आणावी लागली. बायकांनी ती नाकाशी नेली आणि सौजन्यानं खाली ठेवली. मोगरा मात्र मेला नाही. मनोरमाबाईंनी त्याची एक फांदी छाटून ओल्या कागदात गुंडाळली, बंगलोरला न्यायला. उरलेल्या झाडाच्या दोन्ही बाजूंना चैत्र संपायच्या आत तांबूस पालवी फुटली, त्यामुळे प्रयोगातून शेवटपर्यंत काहीच सिद्ध झालं नाही. शलाकानं केळीची सालं पुन्हा भिजत घातली, या वेळी कुणालाही न सांगता.

निघायच्या दिवशी मनोरमाबाईंनी करार काढला. भाडं तेच, अटी त्याच. सगळ्यांत खाली छापील मजकूर संपतो तिथे त्यांनी पेन मागून घेतलं आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली. मग कागद फिरवून समोर केला. यतीननं वाचलं, 'भाडेकरू श्री. यतीन देवस्थळी हे घरातील कोणतीही वस्तू स्वतः दुरुस्त करणार नाहीत.'

यतीनला हे अपमानास्पद वाटलं. एका प्रमाणित क्वालिटी इंजिनिअरला कायदेशीर कागदावर असं लिहून घ्यावं लागतं, हे कारखान्यात कळलं तर काय होईल याचाही विचार त्याच्या मनात आला. पण त्याच्या हातात पेन होतं, मनोरमाबाई बघत होत्या, आणि सोमवारपासून कारखाना सुरू होणार होता. त्यानं सही केली.

शलाकानं कागद जवळ ओढला. साक्षीदाराच्या जागी सही करण्याआधी तिनं ती शेवटची ओळ सावकाश, पेपर तपासावा तशी, दोनदा वाचली.

"काकू," तिनं विचारलं, "हे कलम अकरा महिन्यांसाठीच आहे का?"